किती मावतील?

ऐन दिवाळीत, फराळाचे ताट समोर असताना, कोंबड्यांचा विषय काढल्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. ज्यांच्या घरी त्या चालत नाहीत, त्यांनी ही पाने उलटून पुढच्या कथेकडे वळले तरी माझी तक्रार नाही. परंतु गेली काही वर्षे जो प्रश्न माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे तो मला कोंबड्यांच्या शेडमध्येच भेटला, आणि तिथून उचलून त्याला एखाद्या सोवळ्या जागी नेऊन बसवणे मला जमलेले नाही.

आमचे गाव जालना जिल्ह्यात, बदनापूर तालुक्यात. गावापासून कोसभर अंतरावरच्या एका विनाअनुदानित शाळेत मी गणित आणि मराठी शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. पण थोड्या पगारावर वेळेवर येणाऱ्या बाईची प्रमाणपत्रे कुणी फारशी उलटून पाहत नाही. रात्री कादंबऱ्या लिहिते. त्यामुळे घरात मला 'लिहिणारी' समजतात, आणि खेड्यात लिहिणाऱ्या माणसाकडे हिशेबाची वही आपोआप येते.

फेब्रुवारी २०१९ मधली गोष्ट. सहावीच्या वर्गाला क्षेत्रफळ शिकवत होते. पुस्तकातली दिवाणखान्याची आणि फरश्यांची उदाहरणे आमच्या मुलांना परकी वाटतात, म्हणून मी गावातली घालते. फळ्यावर लिहिले : 'एका शेडची लांबी १७० फूट व रुंदी ३० फूट आहे. एका कोंबडीला १ चौरस फूट जागा लागते. तर त्या शेडमध्ये किती कोंबड्या मावतील?' बहुतेकांनी ५१०० काढून वह्या वर केल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीने वही वर केली नाही. तिच्या वडिलांची शेड आहे. तिने विचारले, "बाई, मावतील का राहतील?"

वर्ग हसला. मीही हसले आणि "आधी उत्तर काढ," असे म्हणून पुढच्या उदाहरणाकडे वळले.

मार्चमध्ये तेच उदाहरण मी घरी सोडवले.

आमच्या धाकट्या दिरांची ब्रॉयलरची शेड आहे. कपाशीने सतत दोन वर्षे दगा दिल्यावर त्यांनी बँकेचे कर्ज काढून ती बांधली. लांबी-रुंदी फळ्यावर लिहिली तीच. धंदा कराराचा. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड, पाणी, वीज, तूस आणि राबणारे हात आपले. पाच-साडेपाच आठवड्यांनी कंपनीचा ट्रक येतो, पक्षी तोलून नेतो आणि किलोमागे ठरलेली वाढणावळ देतो. खाद्य जास्त लागले की दर उतरतो, मरतुक वाढली की आणखी उतरतो. मरतुक हा शब्द मी या घरात आल्यावर शिकले. मरण म्हटले की कुणाचे तरी असते. मरतुक कुणाचीच नसते. ती फक्त कमी किंवा जास्त असते.

सासूबाईंना हा धंदा कधी धंदा वाटला नाही. त्यांच्या पाच-सात गावठी कोंबड्या होत्या. दिवसा उकिरड्यावर आणि गोठ्यात चरायच्या, दिवेलागणीला आपणहून परत यायच्या, मग त्यांच्यावर डालगे झाकायचे. त्यांना नावे होती. शेडमध्ये पहिल्यांदा पिल्ले आली तेव्हा सासूबाई दारातून पाहून म्हणाल्या, "आगं, एवढ्यांची नावं कोण ठेवणार?" तथापि गावठी कोंबडीचे जिणे म्हणजे रामराज्य होते असे कुणी समजू नये. दहा पिल्लांतली चार घारीने आणि मुंगसाने नेली तर सासूबाई त्याला नशीब म्हणत, आणि मानमोडीची साथ आली की एका आठवड्यात डालगे रिकामे होई. किलोभर वजन भरायला पाच-सहा महिने लागत. शेडमधल्या पिल्लांना लस मिळते, वेळेवर दाणा मिळतो, घार दिसत नाही. म्हणून जुने ते सारे चांगले असा सूर मला लावायचा नाही. मला फक्त जागेबद्दल बोलायचे आहे.

ज्यांनी शेड पाहिलेली नाही त्यांना थोडे सांगायला हवे. एक दिवसाचे पिल्लू येते ते चाळीस ग्रॅमचे असते, मुठीत मावते आणि वर हात मिटत नाही इतके मऊ. पहिले काही दिवस त्याला मोकळी जागा देऊन चालतच नाही. पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे करून, वर दिवे लावून, त्यात त्यांना जवळजवळ ठेवावे लागते. मोकळी सोडली तर गारठून एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. पुढे कडे वाढवत न्यायचे. पंधरा दिवसांनी सारी शेड त्यांना खुली होते. त्या दिवशी मधोमध उभे राहिले तर वाटते, केवढे हे मैदान आणि केवढी ही चिमणी जनावरे! पस्तिसाव्या दिवशी त्याच जागी उभे राहिले तर पाय टाकायला तूस दिसत नाही. चाळीस ग्रॅमचे पिल्लू दोन किलोचे झालेले असते, भिंती तिथल्या तिथे असतात. दाटी ज्या दिवशी होते त्या दिवशी ती ठरत नाही. ती ठरते पाच आठवडे आधी, शेड रिकामी आणि ऐसपैस दिसत असताना. या कामात माणूस फसतो तो इथे.

हा पक्षीही पूर्वीचा राहिलेला नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात काही संशोधकांनी १९५७ सालच्या, १९७८ सालच्या आणि २००५ सालच्या वाणांची पिल्ले एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवून पाहिली; ते काम २०१४ साली प्रसिद्ध झाले. छप्पन्न दिवसांनी पहिल्या वाणाचे वजन ९०५ ग्रॅम भरले, दुसऱ्याचे १८०८, तिसऱ्याचे ४२०२. दाणा तोच, दिवस तेवढेच. माणसाने निवडून निवडून असा पक्षी घडवला की तो खातो आणि वाढतो, आणि त्याच्या पायांना व काळजाला त्या वाढीबरोबर धावावे लागते. असा पक्षी आम्ही एक चौरस फुटात, म्हणजे दोन पोळपाट ठेवावेत तर दुसरा बाहेर येईल एवढ्या जागेत, बसवतो.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात भाऊजी वही घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, साहेब म्हणतेत सहा हजार टाकू. उठाव हाय म्हणं. जमंल का, जरा मांडून बघा."

मी मांडले. त्या वेळी वाढणावळ किलोला सहा रुपये होती. ५१०० पिल्ले, अडीचशे मरतुक, उरले ४८५०, सरासरी वजन दोन किलो शंभर ग्रॅम : एकूण १०,१८५ किलो, रुपये ६१,११०. मग दुसरा रकाना आखला. ६००० पिल्ले. दाटी होणार हे मला कळत होते, म्हणून मरतुक मुद्दाम जास्त धरली, चारशे वीस. दाटीत पक्षी कमी खातो हेही ठाऊक होते; म्हणून प्रत्येकाचे वजन शंभर ग्रॅमने उतरवून दोन किलो धरले. ५५८० पक्षी, ११,१६० किलो, रुपये ६६,९६०. फरक ५,८५० रुपयांचा. मी फरकाखाली दोन रेघा मारल्या आणि वही भाऊजींकडे दिली.

तो हिशेब चुकला नव्हता हे मला इथे सांगायचे आहे. मी अडाणीपणाने किंवा घाईने काही केले नाही. दाटीने पक्ष्यांना काय होते ते मी विसरले नव्हते. ते मी रकान्यात बसवले होते. आणि सारे वजा जाता शिल्लक राहिली.

पुढे एकदा रिकाम्या वेळी मी जागेचे माप काढले. एका चौरस फुटात १४४ चौरस इंच. सहा हजार पिल्ले टाकली तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला १२२ आले. म्हणजे मी प्रत्येक पक्ष्याची साधारण बावीस चौरस इंच जागा काढून घेतली. पोस्टाचे कार्ड घ्या, त्याहून किंचित मोठी. एका कोंबडीच्या अंगाखालून पोस्टकार्डाएवढी जमीन काढून घेतली तर कोण त्याला अन्याय म्हणेल? कोंबडीसुद्धा म्हणणार नाही. तशी सहा हजार कार्डे गोळा केली की त्यांवर आणखी नऊशे पक्षी उभे राहतात. नुकसान सहा हजार ठिकाणी वाटले जाते आणि नफा एका वहीत जमा होतो. म्हणून नफा दिसतो, नुकसान दिसत नाही.

ते वर्ष दुष्काळाचे. जालना जिल्ह्यात गावोगाव टँकर चालू होते, दुधना कोरडी पडलेली. भाऊजींनी बोलणे असे केले होते की तिसाव्या दिवशी दीड हजार पक्षी कमी वजनाचे म्हणून आधी उचलायचे. म्हणजे उरलेल्यांना ऐन वाढीत जागा होईल. जाणते शेडवाले असे करतात. पण बाजार उतरला आणि ट्रक आला नाही. उद्या येतो, परवा येतो असे फोन येत राहिले. २३ एप्रिलला आमच्याकडे लोकसभेचे मतदान झाले, आणि त्याच आठवड्याच्या शेवटी सारा मराठवाडा आणि विदर्भ भट्टीसारखा भाजून निघाला.

मी त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ शेडमध्ये जात होते. दाटी डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळते. पक्षी जास्त म्हणजे विष्ठा जास्त, सांडलेले पाणी जास्त. तूस ओला होतो, त्याची पापडी धरते, आणि त्यातून अमोनिया सुटतो. आपले डोळे झोंबतात ते आपण बाहेर येऊन पुसतो. पक्ष्याचे डोके त्या तुसापासून वीतभर उंचीवर रात्रंदिवस असते. ओल्या तुसावर बसून तळपायांना काळे खवले पडतात, मांडीच्या सांध्यावर आणि छातीवर चट्टे उठतात. तूस खालीवर करायचा म्हटले तर दाताळे घालायला जागा नसते. एक पक्षी बसला की दुसरा त्याच्या अंगावरून पाण्याकडे जातो, तो उठतो, तिसऱ्याला उठवतो. कुणाचीही झोप पुरी होत नाही. जे दुबळे आहेत ते खाद्याच्या भांड्यापर्यंत जाण्याचा नाद सोडतात. वर्गात असा एखादा मुलगा असतो; हात वर करून दमलेला.

उष्म्याचे गणित तर सरळ आहे. कोंबडीला घाम येत नाही. तिचे अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास गरम. बाहेरची हवा तिथवर चढली की अंगातली उष्णता टाकायला तिच्याकडे एकच वाट राहते. चोच उघडून धापा टाकणे. पंख अंगापासून दूर धरायचे तर शेजारी जागा हवी. आणि शेजारी दुसरा पक्षी असतो, तोही तेवढाच गरम.

त्या रविवारी दुपारी दोनच्या सुमारास वीज गेली. पंखे थांबले, पाण्याचे फवारे थांबले. भाऊजींनी गोणपाटाच्या पडद्यांवर बादल्यांनी पाणी मारायला सुरुवात केली. पण पाणी टँकरचे, ते प्यायला राखायचे का पडद्यावर मारायचे हा प्रश्न दर बादलीला. हे जालन्याला गेलेले. मी, जाऊबाई आणि शेजारची दोन मुले आत शिरलो. पक्षी सावलीच्या लांब भिंतीकडे सरकत होते. त्यांना मागे हटवायचे तर मागेही पक्षीच. एक थर दुसऱ्यावर चढत गेला. मी हातांनी उचलून उचलून बाजूला टाकत होते, आणि ज्या बाजूला टाकत होते तिथे टाकायला जागा नव्हती. 'मावणे' या शब्दाचा अर्थ मला त्या दोन तासांत कळला, आणि मागच्या बाकावरची ती मुलगीही आठवली.

वीज पाचला आली. मोजायचे काम माझ्याकडे आले, कारण वही माझ्याकडे. ६१४. रात्री बांधाकडे खड्डा खणला, चुना टाकला. सासूबाई खाटेवर बसून होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "पाणी पुरलं का त्यांला?"

ट्रक चौथ्या दिवशी आला. मेलेल्यांनी चौतीस दिवस खाद्य खाल्लेले होतेच. त्यामुळे खाद्याचे प्रमाण बिघडले, दर कापला गेला, आणि हातात चाळीस हजारांच्या आत रक्कम पडली. इथे थांबले असते तर ही गोष्ट फार सोयीची झाली असती; अति लोभ केला, शिक्षा मिळाली. लहान मुलांच्या पुस्तकात ती शोभेल. पण समजा त्या दिवशी वीज गेली नसती, समजा ट्रक वेळेवर आला असता, तर माझे ५,८५० रुपये पुरेपूर आले असते. काळे तळपाय, झोंबणारे डोळे आणि मोडलेली झोप तरीही झालीच असती. तेव्हा मी हा लेख लिहिला असता का? बहुधा नाही. गावात कितीतरी शेडमधून कितीतरी वर्षे असा नफा बिनबोभाट निघतो.

आणखी एक अडचण आहे, ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच दुपारी शिवेपलीकडच्या एका शेडमध्ये सत्त्याऐंशी पक्षी गेले. त्या शेडला फूटभर जागेचा नियम पाळलेला होता. पण तिथे पत्र्यावर चुना मारून वर पऱ्हाट्यांचा जाड थर घातलेला होता, भोवती शेवग्याची सावली होती, आणि डिझेलचे यंत्र तयार होते. मग आमचे मेले ते आकड्याने का हयगयीने? परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी हे विचारले. त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या ऐकून मी अधिकच गोंधळले.

पहिली अशी. युरोपातल्या राष्ट्रसंघाने २००७ साली कायदा केला. तिथे जागा पक्ष्यांवर न मोजता वजनावर मोजतात. चौरस मीटरला ३३ किलो ही साधी मर्यादा. हवा खेळती ठेवण्याची, थंडाव्याची सोय दाखवली तर ३९, आणि मरतुकीच्या वगैरे आणखी कसोट्यांना उतरले तर ४२. आमचा फूटभर जागेचा नियम दोन किलोच्या पक्ष्याला लावला तर चौरस मीटरला साडेएकवीस किलो भरतात. माझ्या सहा हजारांचेही पंचवीसच्या वर फारसे जात नाहीत. म्हणजे युरोपच्या फूटपट्टीने मी निर्दोष! फरक एवढाच की ती फूटपट्टी बंद, थंड घरांसाठी आहे. आमची शेड उघडी, वर पत्रा आणि भोवती एप्रिल.

दुसरी गोष्ट ऑक्सफर्डच्या मॅरियन डॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. त्यांनी दहा कंपन्यांच्या शेडमधून सुमारे सत्तावीस लाख पक्षी पाहिले, चौरस मीटरला ३० किलोपासून ४६ किलोपर्यंत दाटी ठेवून, आणि २००४ साली निष्कर्ष मांडले. सर्वांत जास्त दाटीत पक्षी हळू वाढले, एकमेकांना धक्के अधिक देत राहिले, नीट चालणारे कमी झाले. पण किती मेले आणि किती लंगडे झाले हे नुसत्या दाटीपेक्षा हवा, ओल, उष्णता आणि तूस मालकाने कसे राखले यावर अधिक ठरले.

हे ऐकल्यावर भाऊजींना हायसे वाटले. त्यांना वाटले, आकड्याचा दोष नाही. मला तसे वाटले नाही. आकडा पाळला म्हणजे कर्तव्य संपले, ही पळवाट त्या संशोधनाने बंद केली, एवढे मला कळले. एक चौरस फूट हा आकडा लिहिला की आपले मन निर्धास्त होते. हवा कुठून येते ते पाहायला आपण जात नाही. पण उलट बाजूही आहे. दाटी जितकी अधिक, तितकी हवा, पाणी, तूस यांतली एकही चूक खपत नाही. फूटभर जागेत वीज गेली तर ती अडचण असते. १२२ इंचांत तीच वीज गेली तर खड्डा खणावा लागतो. मी पोस्टकार्डाएवढी जागा काढली तेव्हा खरे तर चुकायला असलेली सवड काढून घेतली होती. ती सवड हिशेबात कुठे दिसते? माझ्या वहीत तरी तिचा रकाना नव्हता.

खड्डा बुजवल्यावर तिसऱ्या दिवशी भाऊजी माझ्याशी वाद घालायला बसले. ते दुष्ट गृहस्थ नाहीत. त्या रविवारी त्यांच्या हातांना फोड आले होते. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही जेवायना, बोलंनात. पण चार दिसानं ट्रक येणारच व्हता. ते काय जगणार व्हते का? कापायचेच हायेत तर फूट काय अन् पाऊण फूट काय!"

हा प्रश्न मी हसण्यावारी नेऊ शकले नाही, अजूनही नेऊ शकत नाही. मी कोंबडी खाते. शाकाहाराचा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. तर मग ज्याचा जीव घेणे मला मान्य आहे त्याच्या जागेबद्दल मी कळवळावे, यात ढोंग नाही काय?

मी त्यांना म्हणाले, "भाऊजी, मरण ठरलेले आहे म्हणून आधीचे दिवस मोजायचे नाहीत, असे आपण आत्याबाईंच्या बाबतीत म्हणू का?" ते चटकन म्हणाले, "आई अन् कोंबडी एक का?" एक नाहीत. मलाही तसे म्हणायचे नव्हते, आणि दाखला वाईट निवडला म्हणून मी ओशाळले. पण रात्री विचार करताना वाटले, दाखला चुकला तरी मुद्दा उरतोच. मरण एका क्षणाचे असते. दाटी चाळीस दिवसांची असते, आणि पक्ष्याजवळ चाळीस दिवसांपलीकडे काहीच नसते. त्याला काल नाही, उद्याची आशा नाही, एवढे तरी सोसू मग सुख आहे अशी समजूत नाही. आपण ज्याला त्याचे सारे आयुष्य म्हणतो ते आपल्याच हातात आहे, लांबीने आणि रुंदीने. मारण्याचा हक्क आपण घेतला आहे, तो खरा की खोटा याचा निवाडा माझ्याने होत नाही. पण त्या हक्कात छळण्याचा हक्क आपोआप येतो, हे मला कुठेच सापडत नाही.

हा विचार नवा नाही. इंग्लंडमध्ये रूथ हॅरिसन या बाईंनी १९६४ साली बंदिस्त पशुपालनावर पुस्तक लिहून खळबळ उडवली, तेव्हा तिथल्या सरकारने ब्रँबेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६५ साली त्या समितीने जनावराचे किमान काय असावे ते सांगितले : उभे राहता यावे, बसता यावे, वळता यावे, अंग साफ करता यावे, हातपाय ताणता यावेत. किती थोडे मागणे! आपल्याकडे त्याआधीच, १९६० साली, प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा झाला. राज्यसभेत त्यासाठी झटल्या त्या नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल. पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. आमच्या शेडला पिंजरा नाही. सहा हजार पक्षी एकमेकांचा पिंजरा झाले होते. कोंबड्यांना कसे ठेवावे यावर विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये एक सबंध अहवाल दिला, हेही मला त्या विद्यार्थ्यानेच सांगितले. आमच्या गावात त्याची वार्ता पोचलेली नव्हती.

आणि भाऊजींच्या बाजूने बोलायचे तर तेही बोलले पाहिजे. बँकेचा हप्ता कोंबडीचे तळपाय पाहून येत नाही. त्यांनी कमी पिल्ले मागितली तर कंपनीची उरलेली पिल्ले दुसऱ्याच्या शेडमध्ये जातील. शहरात जो स्वस्त किलो मिळतो तो स्वस्त कसा झाला हे घेणारा विचारत नाही. मीही बाजारात विचारत नव्हते. पोस्टकार्डे गोळा करणारी मी एकटी नाही, ही गोष्ट खरी आहे. पण वहीतले अक्षर माझे आहे.

माझ्या शाळेत सातवीच्या एका तुकडीत बासष्ट मुले बसतात. कायदा पस्तिसांचा आहे. आम्ही बाके सरकवतो, तिसरे मूल मधे बसवतो, आणि वर्षअखेर निकालाची टक्केवारी काढतो. ती चांगली निघते. त्या टक्केवारीत हात वर करून दमलेला मुलगा कुठे असतो ते मी पूर्वी शोधत नव्हते. याविषयी अधिक लिहिले तर नोकरी जाईल.

त्यानंतर भाऊजींनी पत्र्यावर चुना मारला, पऱ्हाट्या घातल्या, जुने का होईना डिझेलचे यंत्र आणले. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीमुळे कोरोना होतो अशी अफवा उठली तेव्हा बाजार बसला, पक्षी फुकट घ्यायला कुणी येईना, आणि तयार पक्षी शेडमध्ये वाढत राहिले. तेव्हा पुन्हा दाटी झाली, आणि त्या वेळी वहीत माझी काहीच चूक नव्हती. उन्हाळ्यात ते आता पिल्ले कमी टाकतात. हिवाळ्यात बोलणे होते.

यंदा दसऱ्यानंतर ते वही घेऊन आले. थंडी पडायला लागली आहे, हवा चांगली आहे. "वहिनी, या खेपेला किती?"

मी नवा रकाना आखला नाही. ४६०० एवढाच आकडा लिहिला. त्यांनी तो पाहिला, वही मिटली, काही बोलले नाहीत. अंगणात जाऊन फोन लावला. मी खिडकीशी चकल्यांचे पीठ मळत होते. ते सांगत होते, "हां साहेब, अठ्ठेचाळीसशे टाका." मग थोडे थांबून, आवाज उतरवून, "नाही, त्याच्या वर नको. घरी चालत नाही."

मी पीठ मळत राहिले. बाहेर जाऊन दोनशेचा फरक काढला नाही.